नोंद वावरात लिहिली, तालुक्याला दिसली नाही: बॅकग्राउंड सिंक अडतं कुठे?

प्रश्न असा आहे. केळापूर तालुक्यात एका शेतकरी कंपनीसाठी काम करणारे एक भाऊ रोज संध्याकाळी पऱ्हाटीतले (कपाशीतले) कामगंध सापळे पाहतात, म्हणजे मादीच्या गंधाने बोंडअळीचे नर पतंग ओढून घेणारे सापळे. किती पतंग अडकले ते फोनवरच्या नोट्स ॲपमध्ये लिहितात, एखाददुसरा फोटो जोडतात. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘बॅकग्राउंड सिंक’, म्हणजे ॲप समोर उघडं नसतानाही नोंद आपोआप पाठवायची सोय, चालू आहे. तरी तालुक्याच्या गावी, पांढरकवड्याच्या ऑफिसात बसलेल्या ताईंना ती नोंद कधी दुसऱ्या दिवशी दिसते, कधी तिसऱ्या. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन ॲप उघडलं की मात्र सगळं एका दमात जातं. भाऊंचं विचारणं तीन गोष्टींचं आहे. दोष ॲपचा, फोनचा की टॉवरचा? ॲप बदलू का? आणि आम्ही दोघं एकाच नोटमध्ये लिहितो, त्यातल्या माझ्या चार ओळी गेल्या कुठे?

हा उशीर चालवून घेण्यासारखा नाही, हे आधी मान्य करतो. गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिथे फवारणी करावी लागते ती मर्यादा, सापळ्यांवरून ठरते ती सलग ३ रात्री, प्रत्येक सापळ्यात रोज ८ पतंग अशी. नोंदच २ दिवस उशिरा पोहोचली तर फवारणीचा निरोप निघेपर्यंत अळी बोंडात शिरलेली असते, आणि आत शिरलेल्या अळीला फवारा पोहोचत नाही.

आता मूळ मुद्दा. सेटिंगमधलं ते ‘चालू’ म्हणजे ॲपने दिलेलं वचन नाही. तो ॲपने फोनच्या सिस्टीमकडे केलेला अर्ज आहे. तुम्ही नोट सेव्ह केली की ती फोनमध्येच साठते आणि तिच्यावर ‘पाठवायची बाकी’ अशी खूण होते. मग ॲप सिस्टीमला सांगतं: नेट मिळालं, सोय झाली की मला उठव, मी हे पाठवतो. आपण शिकायला ठेवलेल्या पोरासाठी एसटीच्या ड्रायव्हरजवळ डबा देतो, तसलाच हा व्यवहार. डबा आपण दिला, पण गाडी केव्हा निघेल ते आपल्या हाती नाही. कधी उठवायचं, किती वेळ जागं ठेवायचं, नेट द्यायचं की नाही, हे सगळं अँड्रॉइड ठरवतं. फोन बनवणाऱ्या कंपनीने त्यावर आपले नियम चढवले असतील तर तेही लागू होतात.

अँड्रॉइडने हे नियम बॅटरी वाचवायला केले, आणि नव्या आवृत्त्यांसोबत ते आवळत नेले. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ आलं. चार्जरला न लावलेला फोन स्क्रीन बंद करून एका जागी पडून राहिला, की सिस्टीम ॲपांचं नेट तोडते आणि मधूनमधून थोड्या वेळाची खिडकी उघडते. त्या खिडकीत ज्याने त्याने आपलं काम उरकून घ्यायचं. फोन पडून राहील तसतसं या खिडक्यांमधलं अंतर वाढत जातं. २०१६ च्या अँड्रॉइड ७ ने खिशात हलत्या फोनलाही याचा सौम्य प्रकार लावला. २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ ने ॲपांचे गट पाडले: आत्ता वापरात असलेलं, नेहमीचं, अधूनमधूनचं, क्वचितचं. क्वचितच्या गटात पडलेल्या ॲपचं काम २४ तासांपर्यंत लांबणीवर टाकायची मुभा सिस्टीमने घेतली. तुम्ही सापळ्याची नोंद दिवसातून एकदा, दोन मिनिटांत करता. सिस्टीमच्या नजरेत तुमचं हे ॲप व्हॉट्सॲपच्या कितीतरी खाली आहे. व्हॉट्सॲपवर निरोप येतो मग नोट का जात नाही, हे लोक हमखास विचारतात, त्याचं अर्धं उत्तर हेच. उरलेलं अर्धं असं की येणारा निरोप सर्व्हरकडून (ॲपच्या कंपनीच्या दूरच्या संगणकाकडून) ढकलला जातो आणि फोनला झोपेतून उठवू शकतो. तुमची नोट फोनमधूनच निघायची आहे, तिला बाहेरून उठवणारं कोणी नाही.

या सगळ्या नियमांना एक मोठी सूट आहे: चार्जिंग. फोन चार्जरला लागला की डोझ संपतं आणि गटांची बंधनंही बहुतेक उठतात. शहरात म्हणूनच कोणाची फारशी तक्रार नसते. रात्री फोन चार्जरला लागतो, वायफाय चालू असतं, सकाळपर्यंत सगळं गेलेलं. आपल्याकडे गंमत उलटी आहे. चार्जर घरात आहे आणि घरात रेंज नाही. रेंज आहे ती टेकडीवर, पाण्याच्या टाकीजवळ, नाहीतर फाट्यावरच्या पानठेल्यावर. तिथे फोन खिशात, स्क्रीन बंद, चार्जर नाही. म्हणजे सिस्टीमची परवानगी असते तेव्हा टॉवर नसतो, आणि टॉवर असतो तेव्हा सिस्टीमची परवानगी नसते. त्यात लाईन गेली की गावचा टॉवर बॅटरीवर जातो, आणि भारनियमन लांबलं तर तोही मान टाकतो. भाऊ, तुमच्या उशिराचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच आहे. यात ॲपचा दोष थोडा आहे, फोनचा थोडा. पण चार्जर एकीकडे आणि टॉवर दुसरीकडे, ही खरी अडचण आहे.

यावरचा उपाय एवढा साधा आहे की लोक हसतात. फाट्यावर जाताना खिशात पॉवर बँक ठेवा, फोन तिला जोडा, ॲप उघडा आणि नोंद गेल्याची खूण दिसेपर्यंत स्क्रीन चालू ठेवा. पॉवर बँक लागली की फोन स्वतःला चार्जिंगवर समजतो. ॲप समोर उघडं असेल तर डोझ, गट, खिडक्या यांचा प्रश्नच उरत नाही. कारण तेव्हा ते बॅकग्राउंड सिंक राहतच नाही, सरळ समोरासमोरचं सिंक होतं. ज्या नोंदीवर फवारणी अवलंबून आहे, तिच्यासाठी बॅकग्राउंडवर विसंबूच नये. ते दुसऱ्या फळीत ठेवा.

मग रेंजमध्ये आल्यावर फोन खिशात असतानाही नोंद अर्ध्या तासात जायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. अँड्रॉइडवर बॅकग्राउंडची कामं सोपवायची सध्याची रूढ पद्धत ‘वर्कमॅनेजर’ नावाच्या साधनाची आहे. ठरावीक अंतराने करायचं काम त्यात १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावताच येत नाही. ‘दर मिनिटाला सिंक’ असं एखादं ॲप सांगत असेल, तर ते ॲप उघडं असतानापुरतंच खरं धरा. त्याहून जाचक गोष्ट फसलेल्या प्रयत्नाची. एक प्रयत्न फसला आणि ॲपने ‘पुन्हा करू’ म्हटलं, तर पुढचा ३० सेकंदांनी होतो. तोही फसला तर १ मिनिटाने, मग २, ४, ८, असं दरवेळी दुप्पट. ॲप बनवणाऱ्याने वेगळं काही ठरवलं नसेल तर हे अंतर वाढत वाढत जास्तीत जास्त ५ तासांवर थांबतं. वावरात एक काडी रेंज येते-जाते, नेट असल्यासारखं दिसतं, प्रयत्न सुरू होतो आणि अर्ध्यात तुटतो. असे १० प्रयत्न फसले की अकरावा ४ तासांहून जास्त वेळाने. तेवढ्यात तुम्ही फाट्यावर येऊन चहा पिऊन परतही गेलेले असता. पूर्ण रेंजमध्ये नोट पडून राहिली ती अशी. ॲप उघडल्याबरोबर सगळं का जातं, तेही यात आलं. उघडताना बहुतेक ॲपं जुन्या रांगेची वाट न पाहता नव्याने सिंक सुरू करतात.

म्हणून मी वावरात काम करणाऱ्यांना एक विचित्र वाटणारा सल्ला देतो. शिवारात रेंज अर्धवट असेल तर नोंदी लिहिताना मोबाईल डेटा सरळ बंद ठेवा. नोट फोनमध्ये साठायला नेट लागत नाही. डेटा बंद असला तर प्रयत्नच होत नाही, म्हणून फसतही नाही आणि अंतर वाढत नाही. बॅटरीही वाचते, कारण कमजोर रेंजमध्ये टॉवर धरून ठेवायला फोन जास्त ताकद लावतो. फाट्यावर आलात की डेटा चालू करा.

आता फोटोंचं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. दोन हजार चिन्हांची भरगच्च नोंदसुद्धा ६ केबीच्या आसपास होते. आजच्या फोनचा एक फोटो सहज ४ एमबीचा असतो, म्हणजे तसल्या शेकडो नोंदींएवढा. रोजच्या पॅकचा दीड जीबी दुपारी रील बघण्यात संपला की बऱ्याच पॅकांत वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने ६ केबीची नोंद सेकंदाच्या आत जाते. ४ एमबीच्या फोटोला सगळं सुरळीत असतानाही ८ मिनिटांच्या वर लागतात. बॅकग्राउंडच्या साध्या कामाला सिस्टीम साधारण १० मिनिटं देते आणि मग थांबवते. मध्ये रेंज एकदा तुटली तर फोटो पूर्ण होणं अवघडच. काही ॲपं अर्धा गेलेला फोटो पुढे चालू ठेवतात, पण पुष्कळशी पहिल्यापासून सुरू करतात. आणि ॲप एकामागे एक असंच पाठवत असेल तर त्या एका फोटोमागे बाकीचे सगळे आकडे अडकून बसतात. तेव्हा आकड्यांची नोट वेगळी आणि फोटोची वेगळी करा, आकड्यांची आधी सेव्ह करा. ‘फोटो फक्त वायफायवर’ अशी सोय ॲपमध्ये असेल तर ती लावा आणि फोटो बाजाराच्या दिवशी जाऊ द्या. पतंग मोजायला फोटो लागत नाही. शंका असेल तेव्हाच लागतो. कॅमेऱ्याचा आकार कमी करायलाही हरकत नाही. सापळ्यातला पतंग ओळखायला जाहिरातीच्या दर्जाचा फोटो कशाला हवा?

फोनची सेटिंग एकदा नीट लावून घ्या. त्याने सगळं सुटणार नाही, पण न लावल्याने नक्की अडतं. ॲपच्या माहितीत बॅटरीचा भाग असतो, तिथे निर्बंध नको असं निवडा. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी यांच्या फोनमध्ये ऑटोस्टार्ट किंवा बॅकग्राउंडमध्ये चालण्याची परवानगी वेगळी असते. नाव आणि जागा मॉडेलप्रमाणे बदलते, सेटिंगच्या शोधपट्टीत ‘ऑटो’ नाहीतर ‘बॅटरी’ टाइप केलं की सापडते. डेटा सेव्हर लावलेला असेल तर या ॲपला त्यातून सूट द्या. बॅटरी सेव्हर चोवीस तास लावून ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. लाईनीचा भरवसा नसल्याने ती समजतेही, पण बॅटरी सेव्हर लागला की बॅकग्राउंडचं काम जवळजवळ बंदच होतं. फाट्यावर असेपर्यंत तो काढा. आणि हात चालतो म्हणून दर पाच मिनिटांनी सगळी ॲपं वर सरकवून ‘साफ’ करणं सोडा. साध्या अँड्रॉइडमध्ये त्याने ठरलेली कामं रद्द होत नाहीत, पण काही कंपन्यांच्या फोनमध्ये ॲप पुरतं मारलं जातं. ‘फोर्स स्टॉप’ केलं तर मात्र कोणत्याही फोनवर तुम्ही स्वतः ॲप उघडेपर्यंत काहीच हलत नाही.

आपल्या हंगामी कामाला लागू पडणारी आणखी एक गोष्ट आहे. अँड्रॉइड १२ पासून काही महिने न उघडलेलं ॲप सिस्टीम निद्रिस्त करते आणि त्याच्या परवानग्या काढून घेते. पऱ्हाटी उपटल्यावर मार्चपासून तुम्ही सापळ्यांचं ॲप उघडलंच नाही, की जुलैत कॅमेरा आणि लोकेशनची परवानगी गेलेली असू शकते. सापळे लावायच्या आधी एक खोटी नोंद करून ती ऑफिसात दिसते का ते फोनवर विचारून घ्या. ताईंनी त्यांच्या कंप्युटरवर पाहिली तर ती पोहोचली. तुमच्या फोनवरची बरोबरची खूण काही ॲपांत ‘सर्व्हरवर गेलं’ अशा अर्थाची असते आणि काहींत नुसती ‘फोनमध्ये साठवलं’ अशी. कोणती कशी, ते या परीक्षेत कळतं.

टॉवरच्या काड्यांबद्दल थोडं. काड्या दिसणं आणि इंटरनेट असणं वेगळं. इंटरनेट खरंच लागतंय का, हे अँड्रॉइड स्वतः एक छोटी चाचणी करून तपासतं. ती फसली तर काड्या भरलेल्या असूनही नेट मागणारी बॅकग्राउंडची कामं सुरू होत नाहीत. रेंजच्या चिन्हाजवळ उद्गारचिन्ह दिसलं तर हेच समजा. एकदा विमान मोड लावून काढलं तर पुष्कळदा सुटतं. फोनची तारीख-वेळही स्वयंचलित ठेवा. तारीख चुकली की सर्व्हरचं ओळख पटवणारं प्रमाणपत्र फोनला कालबाह्य वाटतं आणि सिंक मुकाट्याने नाकारलं जातं.

तुमच्या त्या चार ओळींचं आता. अंदाज असा: तुम्ही सोमवारी वावरात, नेट नसताना नोटच्या शेवटी चार ओळी लिहिल्या. ताईंनी मंगळवारी ऑफिसात तीच नोट उघडून वरचा काही मजकूर बदलला. त्यांच्याकडे नेट असल्याने तो लगेच सर्व्हरवर गेला. बुधवारी तुमचा फोन रेंजमध्ये आला तेव्हा सर्व्हरपुढे एकाच नोटच्या दोन आवृत्त्या उभ्या राहिल्या. काही ॲपं अशा वेळी शेवटी बदललेली ठेवतात आणि दुसरी टाकून देतात. ‘शेवटची’ म्हणजे मंगळवारची, तुमची सोमवारची, म्हणून तुमची गेली. काही ॲपं दोन्ही ठेवतात. जॉप्लिन हे ॲप भांडणातली प्रत ‘कॉन्फ्लिक्ट्स’ नावाच्या वेगळ्या वहीत टाकतं. सिंकथिंग हे फायली जुळवणारं साधन नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असलेली दुसरी फाईल करून ठेवतं. लोक ती कचरा समजून पुसून टाकतात, आणि मग ओळी खरंच जातात. तुमच्या ॲपमध्ये अशी वही, नोटच्या जुन्या आवृत्त्यांची यादी आणि कचरापेटी, तिन्ही पाहा. पुढच्या वेळी असं काही वाटलं तर ज्या फोनवर ओळी लिहिल्या तो आधी विमान मोडवर टाका, मग ॲप उघडा आणि मजकूर कॉपी करून दुसरीकडे ठेवा. आधी नेट लावून ‘आलं का’ पाहायला गेलात तर उरलेली प्रतही बदलून जाऊ शकते.

पण यावरचा खरा इलाज शोधाशोधीत नाही, लिहिण्याच्या रीतीत आहे. एका नोटला एकच लिहिणारा असू द्या. तुम्ही रोज नवी नोट करा, जुनीत भर घालू नका. शीर्षक वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग सापळ्याचा नंबर अशा क्रमाने टाका, म्हणजे उशिरा आलेली नोटही यादीत आपल्या जागी जाऊन बसते. ताईंना काही म्हणायचं असेल तर त्यांनी वेगळी नोट करावी, तुमच्या नोटला हात लावू नये. एवढं पाळलं की नोंद ३ दिवसांनी आली तरी हरवत नाही, कारण तिच्याशी भांडायला दुसरी प्रतच नसते. सापळा कोणत्या तारखेला पाहिला ते मजकुरातही लिहा. ॲप दाखवतं ती तारीख कधी लिहिल्याची असते, कधी पोहोचल्याची. ३ रात्रींचा हिशेब करायला बसल्यावर हा फरक फार नडतो.

आणि पतंग ८ किंवा त्याच्या वर गेले त्या दिवशी सिंकची वाटच पाहू नका, साधा एसएमएस करा. एसएमएसला डेटा लागत नाही. नेट सुरू होत नाही अशा एका काडीवरही तो पुष्कळदा निघून जातो. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हं मावतात, रोमनमध्ये १६०. ‘सापळा ३, पतंग ११, दुसरी रात्र’ हे ७० मध्ये सहज बसतं. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि मेळघाटातही डोंगराआड गेलं की रेंज संपते. तिथे काम करणाऱ्यांनी तर कागदाची वही सोडूच नये. फोनमधली नोंद ही त्या वहीची नक्कल, असा क्रम ठेवावा.

आयफोन वापरणारे गावात कमी, पण ऑफिसात असतात, म्हणून एवढंच सांगतो: तिथे बॅकग्राउंडला सूट आणखी कमी आहे. ॲपला जाग कधी द्यायची ते सिस्टीम तुमच्या वापराच्या सवयीवरून ठरवते. लो पॉवर मोड लावला की ती जाग बंद, आणि ॲप वर सरकवून काढून टाकलं तरी बंद. ऑब्सिडियनसारख्या काही नोट्स ॲपांचं स्वतःचं सिंक मोबाईलवर ॲप उघडं असतानाच चालतं. तेव्हा ताईंना नोंद दिसत नसेल तर एकदा त्यांच्या बाजूलाही पाहा. पुष्कळदा तुमची नोंद सर्व्हरवर जाऊन बसलेली असते आणि त्यांच्याच फोनने ती ओढून घेतलेली नसते.

राहिलं ॲप बदलायचं. बदलू नका, निदान हंगाम चालू असताना तरी नाही. वर सांगितलेले सिस्टीमचे नियम सगळ्या ॲपांना सारखेच लागू आहेत. नव्या ॲपने फार तर तुमचा १० टक्के त्रास कमी होईल, आणि हा आकडा मोजलेला नाही, माझा अंदाज आहे. बदलायचंच झालं तर नव्या ॲपमध्ये तीन गोष्टी पाहा: नेटशिवाय पूर्ण चालतं का, किती नोंदी पाठवायच्या बाकी आहेत ते स्पष्ट दाखवतं का, आणि दोन आवृत्त्या भिडल्या तर दोन्ही ठेवतं का. दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘७ बाकी’ असं समोर दिसलं तर माणूस फाट्यावर आणखी पाच मिनिटं थांबतो.

जुनं ॲप काढण्याआधी बाकीचा आकडा शून्यावर आणा. त्याआधी लॉगआउट करू नका, आणि ‘डेटा पुसा’ हे बटण तर अजिबात दाबू नका. ‘कॅशे पुसा’ (तात्पुरत्या फायली पुसा) चालतं, ‘डेटा पुसा’ने न गेलेल्या नोंदी कायमच्या जातात. मग सगळ्या नोंदी एक्स्पोर्ट करा आणि ती फाईल ताईंच्या कंप्युटरवर उघडून बघा. देवनागरीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर बहुधा एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीचा, घोळ असतो. फाईल यूटीएफ-८ ही पद्धत निवडून पुन्हा उघडा. अक्षरं नीट दिसली, सापळ्यांचे आकडे वहीशी जुळले, की मग जुनं ॲप काढा.